आबाळ, मारझोड आणि संयम: मुलाच्या मेंदूत काय बदलतं आणि त्यावर काय करता येतं

प्रश्न थोडक्यात असा: मूल नऊ वर्षांचं आहे. पहिली पाच वर्षं मारझोड, आरडाओरडा आणि आबाळ यांत गेली. गेली चार वर्षं ते काका-काकूंकडे राहतं. घर शांत आहे, कोणी हात उगारत नाही. तरीही ते क्षुल्लक कारणावरून भडकतं, हातातली वस्तू फेकतं, वर्गात जागेवर टिकत नाही, काम अर्ध्यावर सोडतं. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली आहे का, स्कॅन करावा का, आणि कडक शिस्त लावली तर सुधारेल का?

स्कॅनचा मुद्दा आधी निकाली काढू. नुसत्या वागण्यासाठी एमआरआय करू नका. अशा मुलांच्या अभ्यासांत मेंदूच्या निरनिराळ्या भागांत जे फरक सापडले आहेत, ते गटांच्या सरासरीतले आहेत. आबाळ झालेल्या आणि न झालेल्या मुलांची मोजमापं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, की एका मुलाची फिल्म पाहून त्याच्या बालपणाबद्दल काही सांगता येत नाही. लाळेतल्या कॉर्टिसॉलच्या, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाच्या, तपासणीचंही तेच. झटके येत असतील, आधी जमणारी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल किंवा डोक्याला मार लागून शुद्ध हरपल्याचा इतिहास असेल, तर गोष्ट वेगळी. मारझोड सोसलेल्या मुलाच्या डोक्यालाही मार बसलेला असू शकतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

त्यापेक्षा कान, डोळे, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि शंका असेल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या. लोहाची कमतरता आणि शिसं, दोन्हींमुळे लक्ष विचलित राहतं आणि चिडचिड वाढते. झोपेकडेही नीट बघा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. रोज घोरणारं, तोंडानं श्वास घेणारं मूल दिवसभर चंचल असेल, तर कधीकधी मूळ टॉन्सिल किंवा ॲडेनॉइडमध्ये निघतं आणि सगळं खापर मात्र बालपणावर फुटत असतं.

आता मुख्य गोष्ट. या मुलाच्या वाट्याला दोन वेगळ्या प्रकारचे अनुभव आले आहेत. त्यांची एकच मोट बांधली की उपाय चुकतो. पहिला प्रकार म्हणजे धोका: मार, धमक्या, समोर चाललेली भांडणं. दुसरा म्हणजे वंचितता: जे मिळायला हवं होतं ते न मिळणं. रडल्यावर कोणी येणं, कोणी बोलणं, खेळणं, दिवसाला काही घडी असणं. केटी मॅक्लॉफ्लिन आणि मार्गारेट शेरिडन यांनी २०१४ च्या सुमारास ही विभागणी नीट मांडली. दोन्ही बहुधा हातात हात घालूनच येतात, पण मेंदूवर त्यांचा परिणाम वेगवेगळ्या वाटांनी होतो.

धोक्याची वाट भावनांच्या यंत्रणेतून जाते. ॲमिग्डाला हा भाग धोक्याच्या खुणा टिपतो आणि सतत धोक्यात वाढलेल्या मुलांत तो रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांना अधिक जोरात प्रतिसाद देतो. सेथ पोलक यांच्या एका प्रयोगात मुलांना चेहऱ्याचं अगदी अस्पष्ट चित्र दाखवलं आणि ते पायरीपायरीनं स्पष्ट करत नेलं. मार खाल्लेल्या मुलांनी राग इतर मुलांच्या आधी ओळखला, म्हणजे चेहरा पुरता उमटलेला नसतानाच. दुसऱ्या प्रयोगात दोन भावनांचं मिश्रण असलेले चेहरे होते. जिथे इतर मुलांना भीती किंवा दुःख दिसलं, त्यातल्या काही चेहऱ्यांत या मुलांना राग दिसला. जुन्या घरात ही नजर कामाची होती, कारण अर्धा सेकंद आधी कळलं तर बाजूला होता येत होतं. आताच्या घरात काकू चष्मा शोधताना कपाळाला आठ्या घालते आणि मुलाचं शरीर माराच्या तयारीला लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काही कारण नसताना भडकला.

त्या क्षणी संयम कुठे जातो? स्वतःला आवरणं, सूचना डोक्यात धरून ठेवणं आणि बेत बदलणं या तिन्ही गोष्टी कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर अवलंबून असतात. हा भाग रसायनांच्या बाबतीत फार नाजूक आहे. नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन बेताचं असेल तर तिथल्या पेशींचं जाळं चोख चालतं. ताण वाढून दोन्हींची पातळी चढली, की त्याच पेशींमधले जोड तात्पुरते कमजोर पडतात आणि सूत्रं ॲमिग्डाला व सवयींच्या यंत्रणेकडे जातात. एमी आर्नस्टेन यांनी ही साखळी पेशींच्या पातळीपर्यंत उलगडली आहे. हे प्रत्येक माणसात होतं. फरक इतकाच, की या मुलात ते फार लवकर आणि फार थोड्या कारणानं होतं. म्हणून "त्याला कळत नाही का?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा असं असतं: कळतं, पण त्या पाच-दहा मिनिटांत ते वापरता येत नाही.

वेळेचं गणितही माहीत असू द्या. ॲड्रेनालिन काही सेकंदांत चढतं. कॉर्टिसॉल सावकाश चढतं आणि ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखरावर पोचतं. म्हणजे मूल रडून थांबलं, चेहरा शांत झाला, तरी आत उतार नुकताच सुरू झालेला असतो. नेमक्या याच वेळी मोठी माणसं समजवायला बसतात आणि पाचव्या वाक्याला दुसरा भडका उडतो. घटनेवरचं बोलणं किमान तासभर लांबवा. एक समज इथेच काढून टाकतो: अशा मुलांचं कॉर्टिसॉल कायम चढलेलं असतं असं नाही. दीर्घकाळ आबाळ झालेल्या बऱ्याच मुलांत ते उलट सपाट पडतं. सकाळी जितकं असायला हवं तितकं नसतं आणि ताण आल्यावरही फारसं हलत नाही.

वंचिततेची वाट वेगळी. मेंदूचा बाहेरचा थर अनुभवाच्या आधारे घडतो. वापरातले जोड टिकतात, न वापरलेले छाटले जातात. भाषा आणि देवाणघेवाण कमी मिळाली, तर भाषा, कार्यस्मृती (काम होईपर्यंत गोष्ट डोक्यात धरून ठेवणं) आणि लक्ष यांना लागणारं खाद्यच कमी पडतं. याचा सर्वांत भक्कम पुरावा रोमानियातून आला. चार्ल्स नेल्सन, चार्ल्स झीना आणि नेथन फॉक्स यांच्या बुखारेस्ट प्रकल्पात अनाथालयांतली ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची यदृच्छया दोन गटांत विभागणी केली. अर्धी प्रशिक्षित पालक-कुटुंबांत गेली, उरलेल्यांची नेहमीची व्यवस्था सुरू राहिली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक ७३ च्या आसपास होता, कुटुंबात गेलेल्यांचा ८१ आणि आपल्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांची प्रगती अनेक बाबतींत जास्त झाली. माणसांशी जवळीक, भाषा आणि मेंदूच्या विद्युत लहरी यांत सुधारणा दिसली. पण चंचलपणा आणि स्वतःला आवरण्याच्या चाचण्या यांत कुटुंबात गेलेली मुलंही मागेच राहिली. म्हणजे प्रेमळ घर मिळाल्यावर जवळीक सावरू शकते, पण संयम आपोआप त्याच वेगानं मागून येत नाही. तुमच्या चार वर्षांच्या अनुभवाशी हे जुळतं. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

यदृच्छया विभागणीवर मी भर देतो, त्याला कारण आहे. साध्या तुलनेत आनुवंशिकता, गरिबी, आधीपासूनच्या अडचणी असं सगळं मिसळून येतं. २०१७ मध्ये आंद्रेआ डानेसे आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये लहानपणापासून पाठपुरावा केलेल्या दोन मोठ्या गटांची माहिती तपासली. छळ सोसलेल्या मुलांच्या बौद्धिक चाचण्यांतली बरीचशी घट त्याआधीच्या घटकांनी समजावता येत होती. तेव्हा मुलाच्या प्रत्येक अडचणीचा धागा थेट मारापर्यंत नेऊ नका. वाचनाची अडचण ही नुसती वाचनाचीच अडचण असू शकते आणि तिच्यावर वेगळं काम करावं लागतं.

मग "कायमची इजा" म्हणायचं का? रोमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा पाठपुरावा मायकेल रटर यांनी सुरू केला. त्यातल्या ६७ जणांचे तरुणपणी केलेले स्कॅन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या मेंदूचं एकूण आकारमान ब्रिटनमध्येच जन्मलेल्या दत्तक मुलांपेक्षा सरासरी ८.६ टक्क्यांनी कमी होतं आणि संस्थेत काढलेल्या प्रत्येक जादा महिन्यागणिक तफावत वाढत होती. हे खोटं ठरवण्यात अर्थ नाही. पण त्याच अभ्यासात सहा महिन्यांहून जास्त काळ संस्थेत काढलेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण तपासलेल्या प्रत्येक वयात मोठ्या अडचणींपासून मुक्त होता. शिवाय ती वंचितता टोकाची होती. तुमच्या मुलाची तितकी होती असं धरून चालू नका. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची घडण विशी ओलांडेपर्यंत चालू राहते. मेगन गुनार यांच्या २०१९ च्या अभ्यासात, लहानपणी संस्थेत राहिलेल्या आणि मग चांगल्या घरात वाढलेल्या मुलांचा सपाट पडलेला कॉर्टिसॉलचा प्रतिसाद वयात येताना इतर मुलांसारखा होत गेला. तुमच्या मुलाचा तो काळ अजून पुढे आहे.

आता शिस्त. संयम ही साठवलेली शक्ती आहे आणि कडकपणानं ती वाढते, अशी आपली समजूत असते. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोग या समजुतीला चांगलाच धक्का देतो. शाळेत जाण्याच्या आधीच्या वयाची २८ मुलं होती. प्रत्येकाला आधी वापरलेले खडू दिले आणि सांगितलं, थांबलास तर नवे, चांगले आणून देते. निम्म्या मुलांना खरोखर नवे मिळाले. बाकीच्यांना काही मिनिटांनी सांगितलं, माफ कर, आमच्याकडे नाहीतच. स्टिकरच्या बाबतीतही तसंच केलं. मग समोर एक मार्शमॅलो (मऊ, गोड खाऊ) ठेवला: पंधरा मिनिटं थांबलास तर दुसरा मिळेल. वचन पाळलेला गट सरासरी १२ मिनिटं थांबला, फसवलेला गट ३ मिनिटं. दोनदा शब्द मोडल्यानं एवढा फरक पडला. ज्या घरात आज ठेवलेला खाऊ उद्या असेल याचा भरवसा नव्हता, तिथे लगेच खाऊन टाकणं हा शहाणपणाचाच हिशेब होता. मुलाला आधी थांबण्याचा फायदा अनुभवायला मिळावा लागतो, मग थांबणं येतं.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी भरवसा, मग शरीर शांत करणं, मग कौशल्य, आणि शिक्षा सर्वांत शेवटी, तीही छोटी.

भरवशासाठी उठणं, जेवण, अभ्यास आणि झोप यांच्या वेळा भिंतीवर चित्रांसह लावा. बदल होणार असेल तर आदल्या रात्री आणि निघण्याआधी दहा मिनिटं सांगा. वचनं कमी द्या आणि दिलेलं वचन पाळाच. "बघू" या शब्दाला अशा मुलाच्या लेखी काही किंमत नसते. "शनिवारी चारला" असं सांगा. बक्षिसाचा तक्ता वापरायचा असेल तर पहिल्या आठवड्यांत बक्षीस त्याच दिवशी, शक्यतो काही मिनिटांत द्या. महिनाअखेरीच्या सायकलसाठी तीस तारे जमवणं या मुलाला जवळपास अशक्य आहे. आणि मिळालेला तारा कधीही परत काढून घेऊ नका. तक्ते फसण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. कमावलेलं कधीही हिसकावलं जातं, हे मूल आधीच शिकलेलं आहे. आपण त्याची खात्री पटवून देतो.

भडका उडतो तेव्हा बोलणं जवळपास बंद करा. दोन पावलं मागे या. समोरासमोर उभं न राहता थोडं तिरपं, शक्यतो खाली बसा. आवाज खालच्या पट्टीत ठेवा आणि वाक्य पाच-सहा शब्दांपेक्षा मोठं नको: "मी इथेच आहे. कोणी मारणार नाही." चेहऱ्याकडे टक लावू नका, कारण राग आधी चेहऱ्यावरच शोधला जातो. "शांत हो" हा हुकूम उपयोगी पडत नाही. खोलीत कोंडणं तर नकोच. आबाळ सोसलेल्या मुलाला एकटं टाकणं म्हणजे मूळ वंचिततेचीच पुनरावृत्ती. धरून ठेवायची वेळ फक्त इजा टाळण्यापुरती, आणि लगेच सोडायचं. फेकण्यासारख्या जड व काचेच्या वस्तू त्या खोलीतून आधीच हलवून ठेवा. त्यावर उपदेश करण्यापेक्षा हे सोपं असतं. नंतर, तासाभरानं किंवा संध्याकाळी, पाच मिनिटांचं बोलणं: काय झालं, अंगात पहिल्यांदा कुठे जाणवलं, पुढच्या वेळी काय करायचं. मग नुकसान भरून काढणं. फेकलेलं उचलणं, फाडलेलं चिकटवणं. एवढी शिक्षा पुरते.

कौशल्याचा सराव शांत वेळेतच करायचा. पीटर गोल्विट्झर यांची "असं झालं तर मी असं करीन" ही रीत मुलांनाही जमते. चंचल मुलांवरही ती तपासलेली आहे. "मी रागावणार नाही" असा संकल्प कुचकामी, कारण त्यात करण्यासारखं काही नाही. "माझी पाळी हुकली तर मी दोन्ही हात खिशात घालीन आणि काकांकडे बघीन" हे चालतं. एका वेळी एकच वाक्य घ्या, रोज तीन-चार वेळा खोटा प्रसंग उभा करून हसतखेळत करून बघा आणि जमेपर्यंत दुसरं वाक्य घेऊ नका. कार्यस्मृती तोकडी असते म्हणून सूचनाही एका वेळी एक. "दप्तर भर, डबा धुवायला टाक आणि कपडे बदल" यातलं शेवटचं तेवढं ऐकलं जातं आणि आपण त्याला हट्टीपणा म्हणतो. गृहपाठ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये उठून हालचाल. मेंदूला "ट्रेन" करणाऱ्या ॲपवर पैसे घालू नका: मूल त्या खेळात तरबेज होतं आणि वर्गात होतं तिथेच राहतं.

शाळेत बसवायची जागा भिंतीच्या कडेची निवडा, जिथून दार दिसतं. मागून अचानक खांद्यावर हात ठेवायचा नाही. वर्गासमोर पाणउतारा नको. एक ठरलेली खूण आणि पाच मिनिटं बसायला एक ठरलेली जागा पुरेशी आहे. शिक्षकांना मुलाचा सगळा इतिहास सांगायची गरज नाही, "अचानक आवाज आणि स्पर्श चालत नाही" एवढं सांगितलं तरी काम भागतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण इथेच अनेक घरं माघार घेतात. एखाद्या वागण्याला मिळणारा प्रतिसाद आपण बंद केला, की ते कमी होण्याआधी काही दिवस वाढतं. दर आठवड्याला नवी पद्धत आणली तर प्रत्येक वेळी फक्त तो वाढलेला टप्पाच वाट्याला येतो. एक पद्धत घरातल्या सगळ्यांनी किमान सहा ते आठ आठवडे तशीच चालवा. नोंद ठेवा: भडका किती वाजता, आधी काय झालं, किती मिनिटं टिकला. पहिला फरक बहुधा मिनिटांत दिसतो, संख्येत नाही. चाळीस मिनिटांचा पंधरावर आला, तर पद्धत चालते आहे. बऱ्याचदा त्याच नोंदीत असंही दिसतं, की निम्मे भडके भुकेच्या किंवा झोपेच्या वेळेला आहेत.

उपचारांत या वयासाठी चांगला पुरावा असलेली पद्धत म्हणजे आघात-केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारा मानसोपचार. साधारण १२ ते १६ सत्रं, आणि त्यात सांभाळणाऱ्यांचाही सहभाग असतो. पालकांना बाहेर बसवून महिनोन्महिने फक्त मुलाशी गप्पा चालल्या असतील, तर योजना काय आहे हे स्पष्ट विचारा. चंचलपणा चार वर्षं टिकून आहे, तेव्हा एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार) रीतसर तपासणीही हवी. "हे आघातामुळे आहे म्हणून औषध नको" हा युक्तिवाद मला पटत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात आणि निदान पक्कं असेल तर औषधाचा फायदा होऊ शकतो. वेगळं ओळखायची एक खूण: लक्ष सगळीकडेच विचलित असतं, की ठरावीक माणसं, आवाज, जागा यांच्या आसपासच? दुसऱ्या प्रकारात आघाताचा वाटा मोठा असण्याची शक्यता अधिक.

इंटरनेटवर सापडणारी "एस" (ACE, म्हणजे बालपणीचे वाईट अनुभव मोजणारी) प्रश्नावली भरून आकड्यानं घाबरू नका. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा १९९८ चा मूळ अभ्यास प्रौढांना त्यांचं बालपण विचारून केला होता. चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव असलेल्यांत व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचं प्रमाण ४ ते १२ पट निघालं. लोकसंख्येसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. पण एकट्या मुलाचं भविष्य त्यावरून वर्तवू नये, हे स्वतः अँडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं. हा आकडा तीव्रता, वय किंवा किती काळ चाललं, यातलं काहीच धरत नाही.

पुढचं काही दिसलं तर सहा-आठ आठवडे थांबू नका, लगेच बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा: स्वतःला इजा करणं किंवा मरणाबद्दल बोलणं, प्राण्यांना किंवा लहान मुलांना ठरवून इजा करणं, आग लावणं, आणि रोजच्या झोपेत किंकाळ्या मारत उठणं. मूल मध्येच काही सेकंद शून्यात बघतं आणि हाक मारल्यावरही भानावर येत नाही असं होत असेल, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या. तो आघातामुळे भान सुटण्याचा प्रकार असू शकतो किंवा फिट्सचा एक सौम्य दिसणारा प्रकार. दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत, आणि त्यासाठी ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) मात्र करावा लागतो.